आई गप्प आहे, गेलेली नाही

शास्त्रपाठ : मार्क १:३२-३९



दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने पहाटे फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. आपण सेवा करतो त्या भिल्ल व पारधी वस्त्यांवरचीही काही कुटुंबे त्यांत असतात. काही मुले बरोबर जातात. काही आजीपाशी, हंगामी वसतिगृहाच्या आधाराने, गावातच राहतात.

उन्हाळ्याच्या तोंडी आई परत आली की मूल तिचा पदर सोडत नाही. तिला मात्र घटकाभर कोणी बोलू नये असे वाटते. एका खोलीच्या घरात ती भिंतीकडे तोंड करून बसते. आमच्या बालवर्गातील पाच वर्षांच्या मुलीने मला विचारले, "ताई, माय बोलंना. म्हंजी ती पुन्हा जाणार का?" तिच्या या प्रश्नासाठी हा पाठ आहे.

वचनातून

कफर्णहूमात संध्याकाळी सारे नगर दाराशी लोटले होते. प्रभूने अनेकांना बरे केले. मग मोठ्या पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन व सोबती त्याला शोधत आले. प्रभूने त्यांना टाकले नव्हते. तो त्यांना बरोबर घेऊनच पुढच्या गावांकडे निघाला. देवाच्या पुत्रालाही एकांत लागला, मग दमलेल्या आईला का लागू नये?

मुलांना कसे शिकवावे

१. कारण सांगा. साधारण चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुसऱ्याचे मन आपल्याहून वेगळे असते हे नीट उमगत नाही. म्हणून "त्रास देऊ नको" म्हणण्यापेक्षा "माझं अंग दमलंय, तुझ्यावर राग नाही" असे म्हणावे.

२. मुदत द्या. "थोड्या वेळाने" हे मुलाला कळत नाही. "आजीच्या भाकरी होईपर्यंत" किंवा "सावली उंबऱ्याला लागेपर्यंत" हे कळते. सुरुवात पाच मिनिटांनी करावी.

३. शब्द पाळा. वेळ संपली की आईनेच आधी हाक मारावी. झोपेतून उठल्यावर आईवडील गेलेले ज्याने पाहिले, त्या मुलाचा विश्वास या हाकेनेच परत येतो.

४. मुलालाही एकांत द्या. ते लिंबाखाली एकटेच खेळत असेल, तर मोठ्यांनीही थांबावे. स्वतःला मिळालेला मान मूल दुसऱ्याला देते.

५. "कोपऱ्यात गप्प बस" ही शिक्षा करू नका. नाहीतर शांतता म्हणजे राग, हेच ते शिकेल.

एक सावधगिरी : आई किंवा मूल दिवसच्या दिवस अबोल असेल, जेवणखाण व झोप सुटली असेल, तर तो एकांत नव्हे. त्या घरी जाऊन बसा, दवाखान्यात सोबत न्या.

मंडळीने काय करावे

एका खोलीच्या घरात एकांताला जागा नसते. ती शेजाऱ्यांना करून द्यावी लागते. वस्तीला भेट द्याल तेव्हा तासभर मुलांना झाडाखाली खेळवा, गोष्ट सांगा. मात्र नेण्यापूर्वी आईने मुलाला स्वतः सांगावे, "मी इथंच आहे."

प्रार्थना : हे प्रभू, फडावरून परतणाऱ्या प्रत्येक आईला विसावा दे, आणि तिची वाट पाहिलेल्या लेकरांना भरवसा दे. आमेन.