कोंब जपला की माड जगतो

आमच्या गुहागरच्या घरी खिडकी उघडली की समोर माडाच्या झावळ्या. न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा अंगणात ओक आणि मेपल होते आणि माझी नजर झावळ्या शोधत होती. नारळ इथली थंडी सोसणार नाही, हे ठाऊक होतं. पण त्याच्या कुळात बर्फ सोसणारी झाडंही आहेत हे कळलं आणि मी कामाला लागले. पुढच्या हिवाळ्यांनी जे शिकवलं, ते इथे मांडते आहे.

१. आधी झाड निवडा, गोणपाट नंतर.

माझ्या अंगणात आज विंडमिल पाम आहे. हा मूळचा चीनचा. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने १८४९ मध्ये चुसान बेटावरून याची रोपं लंडनच्या क्यू बागेला पाठवली, म्हणून याचं शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी. खोडावर काथ्यासारखे तंतू असतात. चीनमधले शेतकरी त्यांची पावसाळी आवरणं करत, आपल्या इरल्यासारखी. मुरलेलं झाड थोडा वेळ उणे १२ अंशांपर्यंत तग धरतं. ज्यांच्याकडे याहून कडक थंडी पडते त्यांनी नीडल पाम लावावा. तो अमेरिकेच्या आग्नेय भागातला, झुडपासारखा बुटका आणि उणे २० अंशांनाही पुरून उरणारा. आपल्या कुमाऊँमध्ये, पिथौरागडजवळच्या थळकेदार डोंगरावर, याच कुळातला ट्रॅकिकार्पस टाकिल हिवाळ्यात बर्फ अंगावर घेतो. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला.

२. लावणी वसंतातच करा.

माझं पहिलं रोप मी २०१३ च्या ऑक्टोबरात लावलं. मुळं धरायच्या आतच थंडी आली. ७ जानेवारी २०१४ ला न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पारा उणे १५ च्याही खाली गेला आणि माझं रोप त्याच आठवड्यात गेलं. दुसरं मी मे महिन्यात लावलं, विटांच्या दक्षिणाभिमुख भिंतीलगत. झाडाला अख्खा उन्हाळा मिळाला. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते, हा फायदा वेगळाच.

३. पानं गेली तर जाऊ द्या, कोंब सांभाळा.

आंब्याची फांदी मोडली तर शेजारून धुमारा फुटतो. या झाडाला ती सोय नाही. वाढीचा डोळा एकच, शेंड्याच्या गाभ्यात. तो मेला की झाड मेलं. कोकणात पावसाळ्यात माडाचा कोंब कुजला की आजोबा सगळी कामं टाकून शिडी लावायचे. त्यामागचं कारण मला इथे बर्फात उभं राहून नीट कळलं. आधी कोंब, मग खोड आणि मुळं, शेवटी पानं, हा क्रम मी कधीच मोडत नाही.

४. मुळांना तहानलेलं ठेवू नका.

जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वारा मात्र पानांतला ओलावा ओढतच राहतो. थंडीने करपलेलं वाटणारं पान बरेचदा तहानेने वाळलेलं असतं. म्हणून जमीन गोठण्याआधी मी खोलवर पाणी देते आणि आळ्यात वीतभर पालापाचोळा पसरते.

५. गुंडाळायची घाई करू नका.

एका वर्षी मी नोव्हेंबर लागताच झाड बांधलं. मग उबदार दिवस आले, आत घाम धरला, बुरशी आली. थोडी थंडी लागली की झाड काटक होतं. आता उणे सात-आठचा अंदाज आला तरच मी बांधते, पण सामान १ डिसेंबरला तयार असतं. नत्राचं खत ऑगस्टनंतर बंद; कोवळी पालवी पहिल्यांदा मरते.

६. ऊब द्या, पण कोरडी.

कोरड्या दुपारी पानं अलगद वर घेऊन सुतळीने बांधायची. पुढे दोन वाटा आहेत. एक, भोवती जाळीचा पिंजरा करून त्यात ओकची सुकी पानं भरायची; मेपलची पानं भिजून चिकटतात. दुसरी, जुन्या पद्धतीच्या नाताळच्या दिव्यांची माळ सोडून वरून बागेचं पांढरं कापड आणि गोणपाट गुंडाळायचं. एलईडी माळ जवळपास ऊब देत नाही. माळेला थर्मोस्टॅटचा प्लग लावला की दिवे २ अंशांच्या आसपास लागतात आणि ७ च्या आसपास विझतात. तापणारे दिवे आणि सुकी पानं मात्र कधीही एकत्र नकोत, आग लागते. प्लास्टिकने झाड गुंडाळू नये. ते फक्त डोक्यावर, पावसाची टोपी म्हणून.

७. शेंड्यात पाणी साचू देऊ नका.

ती टोपी मी एकदाच विसरले. २३ डिसेंबर २०२२ ला सकाळी पाऊस होता आणि संध्याकाळपर्यंत सगळं गोठलं. शेंड्यात साचलेल्या पाण्याचा बर्फ झाला. मार्चमध्ये मधलं न उघडलेलं पान हलकेच ओढलं, तर ते अख्खं हातात आलं. बूड कुजलेलं, वास येणारं. मी पोकळी कोरडी केली, तांब्याचं बुरशीनाशक घातलं, वर छप्पर धरलं आणि झाड उपटलं नाही. जुलैत त्याच पोकळीतून एक पान वर आलं, टोकं छाटल्यासारखं. त्यामागचं पान धड होतं.

८. उघडा ढगाळ दिवशी.

मार्चमध्ये थोडं थोडं सोडा. अंधारातून एकदम उन्हात आलेली पानं भाजतात. अर्धं करपलेलं पानही कापू नका; हिरवा अर्धा भाग झाडाला अजून खाऊ घालत असतो.

९. एक रेघ ओढा.

एप्रिलमध्ये मी कोंबावर आणि शेजारच्या देठावर पेनने एकच आडवी रेघ ओढते. कोंबावरची रेघ देठावरच्या रेघेच्या वर सरकली की झाड वाढतं आहे. ती बोटभर सरकली की मी गुहागरला फोन लावते. "आई, कोंब सरकला." आई दरवर्षी तेच सांगते, "मग आता पाणी तोडू नकोस हो त्याचं."