आधी तीन ऐकू येतात

लेक दुसरीत असताना मी 'त्रेपन्न' म्हणायचे आणि ती ३५ लिहायची. 'एकोणचाळीस' म्हटलं की ४९. लक्षच देत नाही म्हणून मी ओरडायचे, वीस-वीसदा लिहून घ्यायचे, मोबाइलवर वेळ लावून बेरजा करायला बसवायचे. दोन महिन्यांत गणिताची वही काढली की तिचं पोट दुखायला लागलं. एका संध्याकाळी कागद फाटेपर्यंत खोडरबर घासत तिने विचारलं, "आई, मी ढ आहे का गं?"

ती ऐकत होती तसंच लिहीत होती. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतात, पन्नास मागून. लिहायचे मात्र पाच आधी. एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतं आणि लिहायचे तिसावर नऊ. त्यात शाळा सेमी इंग्रजी, म्हणजे तिथे 'फिफ्टी थ्री'. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची हीच अडचण सांगत होत्या. भाषा बिघडवताहेत म्हणणाऱ्यांत तेव्हा मीही होते.

गाठ सुटली ती गंगापूर रोडला, आकाशवाणीजवळच्या भाजीबाजारात. मेथी-टोमॅटोचे अठ्ठेचाळीस झाले, मी शंभराची नोट दिली. भाजीवाल्या मावशींनी वजाबाकी केलीच नाही. लेकीच्या तळहातावर दोनचं नाणं ठेवलं, "हे झाले पन्नास." त्यावर पन्नासची नोट, "हे शंभर." घरी येईपर्यंत पोरगी तेच पुटपुटत होती. रात्री आम्ही दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन बसलो. पाच नोटा, तीन नाणी. पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न. तिने लिहिलं, ५३.

म्हणून कळकळीने सांगते, आकडा उलटा पडला तर "तुला काय ऐकू आलं?" असं आधी विचारा. "कसं काढलंस?" हे बरोबर उत्तरालाही विचारा, फक्त चुकल्यावर विचारलं तर मुलं त्या प्रश्नालाच घाबरतात. नोटा नसतील तर खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. पाढे पाठ हवेतच, पण घड्याळ लावून नकोत. आणि 'मलाही गणित कधी जमलं नाही' हे मुलांसमोर म्हणू नका.

आता ती चौथीत आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ या संख्येची गंमत शोधली; त्यातलाच तीन आकडी खेळ आम्ही खेळतो. तीन वेगवेगळे अंक घ्यायचे, मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करायची, आलेल्या अंकांचं पुन्हा तेच. शेवटी ४९५ येतं. काल तिने ३५२ घेतली. मधे हातचा विसरली, उत्तर भलतंच आलं. खोडरबर न शोधता तिने वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा मोजायला लागली.