विंडोज ते लिनक्स, पेनड्राईव्हशिवाय

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर सगळ्यात जास्त फिरणारी वस्तू म्हणजे पेनड्राईव्ह. या रूममधून त्या रूममध्ये, वाटेत प्रत्येकाचे व्हायरस गोळा करत. त्यात तो एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीची एक फाईलसुद्धा त्यावर बसत नाही, जागा कितीही रिकामी असो. दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर असतील तर एक कमांड पुरते. तिचं नाव एससीपी, म्हणजे सिक्युअर कॉपी.

समजा तुमच्याकडे विंडोज आहे आणि पार्टनरकडे उबुंटू. विंडोज 10 मध्ये 2018 पासून ओपनएसएसएचचा क्लायंट आलेलाच आहे. पार्टनरच्या मशीनवर मात्र सर्व्हर टाकावा लागेल :

सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर

(कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाईप करताना इंग्रजीच.) मग त्याचा आयपी ॲड्रेस विचारून घ्या. तुमच्या कमांड प्रॉम्प्टवर सीडी करून आधी फाईलच्या फोल्डरमध्ये जा, म्हणजे ड्राईव्हची अक्षरं आणि उलट्या तिरक्या रेघा यांची भानगड राहत नाही. आता :

एससीपी रिपोर्ट.पीडीएफ युजर@192.168.1.7:

पहिल्यांदा ते ओळख पटवण्याचा प्रश्न विचारेल, 'येस' म्हणा. पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही. अख्खा फोल्डर पाठवायचा तर एससीपीनंतर -आर लावा. तिकडचं इकडे आणायचं तर क्रम उलटा करा आणि शेवटी एक टिंब द्या, टिंब म्हणजे 'इथे'. काहीच जोडलं गेलं नाही तर वाय-फाय तपासा. बऱ्याच ठिकाणी एका मशीनला दुसरं दिसू नये अशी सेटिंग असते. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघा.

शेवटचा तो कोलन बघितलात ना? त्याने मला रडवलंय. फायनल इयरला आमचा प्रोजेक्ट माझ्या लिनक्सवर होता आणि मला मशीन नव्याने इन्स्टॉल करायचं होतं. पार्टनरच्या विंडोजवर सर्व्हर चालू करून मी फोल्डर पाठवला. पासवर्ड विचारला नाही, टक्क्यांची पट्टीही दिसली नाही. मला वाटलं, वा, काय स्पीड आहे! मशीन फॉरमॅट केलं. मी कोलन द्यायला विसरलो होतो. कोलन नसेल तर एससीपी पुढच्याला दुसरं मशीन समजतच नाही. माझ्याच डिस्कवर 'युजर@192.168.1.7' नावाचा एक फोल्डर तयार झाला होता, आणि तोही फॉरमॅटमध्ये गेला. सिम्युलेशनचे तीन दिवसांचे रिझल्ट गेले. पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, मेसमध्येसुद्धा वेगळ्या टेबलावर बसायचा.

तेव्हापासून मी मूळ फाईल उडवण्याआधी दोन्हीकडे हॅश काढतो. लिनक्सवर :

एसएचए256सम रिपोर्ट.पीडीएफ

विंडोजवर :

सर्टयुटिल -हॅशफाईल रिपोर्ट.पीडीएफ एसएचए256

दोन्हीकडे तीच 64 अक्षरं आली तर फाईल जशीच्या तशी पोचली. फोल्डर असेल तर आधी झिप करा, म्हणजे एकदाच तपासावं लागतं.

हॅश जुळूनही एक घोळ उरतो. नोटपॅडमध्ये लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून ओरडते. यात एससीपीचा दोष नाही. ओळ संपली हे सांगायला विंडोज दोन खुणा ठेवतं, 13 आणि 10. लिनक्स फक्त 10 ठेवतं. त्यामुळे तो 13 लिनक्सला ओळीतलाच एक भाग वाटतो. स्क्रीनवर तो दिसतही नाही, म्हणून माणूस तासभर कोड वाचत बसतो. लिनक्सवर डॉसटूयुनिक्स हे छोटं प्रोग्रॅम टाका, त्याला फाईलचं नाव द्या आणि स्क्रिप्ट परत चालवा.