मळ, माती आणि ‘डर्ट’

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘डर्ट’ हा शब्द पाहावा, तर समोर साधारणपणे घाण, मळ, केर, माती असे अर्थ मिळतात. ‘फिल्थ’ पाहावा, तर पुन्हा घाण. ‘मक’ पाहावा, तर घाणच, फार तर शेण. ‘ग्राइम’पाशी मळ येतो. परीक्षेपुरते एवढे पुरते. परंतु आपल्यापैकी पुष्कळजण शेतकऱ्यांच्या घरांतून कॉलेजात आलेले. माती आणि घाण हे दोन शब्द, मध्ये नुसता स्वल्पविराम देऊन, एका ओळीत छापलेले पाहिले की थोडे थबकायला होते. हे सगळे शब्द एकाच घाणीची कमीजास्त मापे आहेत काय? तसे दिसत नाही.

‘डर्ट’ हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडून आला. जुन्या नॉर्स भाषेत ‘ड्रिट’ म्हणजे विष्ठा. इंग्रजांच्या तोंडी ‘र’ आणि ‘इ’ यांनी जागा बदलल्या आणि ‘डर्ट’ झाला. अर्थही हळूहळू निवळत गेला. विष्ठेवरून चिखल, मळ आणि शेवटी साधी माती. अमेरिकेत आज शेतातल्या मातीलाही ‘डर्ट’ म्हणतात आणि ‘डर्ट रोड’ म्हणजे आपला कच्चा रस्ता. इंग्लंडचा शेतकरी मात्र आपल्या मातीला ‘सॉइल’ किंवा ‘अर्थ’ म्हणणे पसंत करतो.

‘सॉइल’ची गंमत आणखी निराळी. नाम म्हणून त्याचा अर्थ जमीन, माती. क्रियापद म्हणून मळवणे. मातीवरूनच मळवणे आले असेल असे आपण सहज समजू, पण अभ्यासक हे दोन वेगळे शब्द मानतात. पहिला लॅटिनमधील जमीनवाचक शब्दाशी नाते सांगतो. दुसरा जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ डुकराच्या लॅटिन नावात असावे. उच्चार एक झाला आणि बिचारी माती डुकराच्या शेजारी येऊन बसली.

आता बाकीचे शब्द. ‘डस्ट’ म्हणजे धूळ, कोरडी, फुंकली तर उडणारी. ‘मड’ ओला असतो. ‘ग्राइम’ वरवर बसत नाही, तो मुरतो. गॅरेजमधल्या पोराच्या नखांत आणि हाताच्या रेषांत जो काळा तेलकट मळ असतो, साबणाने घासूनही जात नाही, तो ‘ग्राइम’. ‘फिल्थ’ हा ‘फाउल’ या शब्दाचा भाऊ आहे. त्यात किळस आहे, दुर्गंध आहे आणि नैतिक निंदाही आहे. शेतातून आलेल्या माणसाच्या अंगावर ‘डर्ट’ असतो, ‘मड’ असतो. त्याला ‘फिल्थी’ म्हटले तर तो अपमान होतो. ‘मक’ मुळात गोठ्यातले शेणमूत. इंग्रज शेतकरी ते शेतात पसरतो तेव्हा त्या शब्दाला खताचा वास असतो, घाणीचा नव्हे. आपल्याकडेही उकिरडा गावाला नकोसा, पण मालकाला प्यारा!

इस्लामपूरच्या आसपास तर या शब्दांची शाळाच भरलेली आहे. ऊस तुटून गेला की रानात राहणाऱ्या पाचटाला शेतकीच्या इंग्रजी पुस्तकांत ‘ट्रॅश’ म्हणतात. म्हणजे शब्दशः कचरा. तो कचरा पेटवून न देता सरीत कुजवला तर जमिनीचा कस वाढतो. साखर कारखान्यात रस गाळल्यावर जो काळपट गाळ उरतो तो ‘प्रेसमड’, पण हा ‘मड’ पायाला चिकटणारा चिखल नव्हे, शेतकरी तो खत म्हणून ट्रॉल्या भरून नेतात. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळू लागला की भेंडीचे पाणी घालून वरची मळी काढतात. मळी काढली नाही तर गूळ काळा पडतो.

मळीवरून ‘मळणे’ आठवते. सदरा मळतो, आई कणीक मळते, खळ्यावर ज्वारीची मळणी होते, रोजच्या पायाखालची वाट मळलेली असते. व्याकरणकार यांची मुळे वेगवेगळी लावतील, परंतु बोलणाऱ्याच्या कानाला शब्द एकच लागतो. चारही ठिकाणी हात किंवा पाय काम करीत आहेत. इंग्रजीत यांना चार निरनिराळी क्रियापदे लागतात आणि त्यांतले एकच घाणीचे आहे. उलट ‘मातीमोल’ला मात्र इंग्रजीत नेमका जोडीदार आहे, ‘डर्ट चीप’. दोन्ही भाषांनी माती फुकटच धरली! तालमीतली तांबडी माती मात्र आपण ताक, तेल, हळद, लिंबू घालून तयार करतो. ती अंगाला लावणे हा मान, आणि पाठीला लागली की हार. ‘डर्ट’ या शब्दात हा आखाडा मावत नाही.

मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९६६ साली ‘प्युरिटी अँड डेंजर’ या ग्रंथात घाणीविषयी एक विचार मांडला. घाण ही वस्तूच्या अंगी नसते. जी वस्तू आपल्या जागेवर नाही ती घाण ठरते, असा त्याचा आशय. ताटातली आमटी अन्न असते, सदऱ्यावर सांडली की डाग. आपल्याला याचे उदाहरण लांब शोधायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-वारणेचा पूर ओसरल्यावर घराघरांतून गाळ उपसावा लागला. नदीकाठच्या रानाला वर्षानुवर्षे ज्या गाळाने पोयट्याची जमीन दिली, तोच स्वयंपाकघरात आला तेव्हा घाण झाला. रानात तो ‘सिल्ट’, घरात ‘मड’, आणि त्यात मेलेली जनावरे, सांडपाणी मिसळले तेव्हा ‘फिल्थ’.

पण जागा कोण ठरवतो, हा प्रश्न उरतोच. आपल्या भाषेत ‘विटाळ’ हा शब्द आहे. याला ‘डर्ट’ चालत नाही, कारण विटाळ डोळ्यांना दिसत नाही आणि साबणाने जात नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात घालून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले. कोणत्याही इंग्रजी शब्दकोशाच्या हिशोबाने त्या दिवशी पाण्यात ‘डर्ट’ पडला तो शुद्धीकरणामुळे, माणसाच्या ओंजळीमुळे नव्हे. हा फरक शब्दांत न सांगता ‘अनक्लीन’ असे भाषांतर करून पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते.

भाषांतराच्या तासाला असे प्रश्न हरघडी येतात. ‘वडिलांचे हात मातीने भरले होते’ हे साधे वाक्य घ्या. ‘हिज हँड्स वेअर डर्टी’ हे व्याकरणाने शुद्ध आहे. पण इंग्रजीत हात ‘डर्टी’ होणे याचे दोन अर्थ निघतात, स्वतः राबणे किंवा गैरकृत्यात सामील होणे. त्यातला कोणता, हे वाचणारा ठरवणार. ‘सॉइल्ड’ म्हणावे तर डुकराचे मूळ मागे लागते. ‘मडी’ म्हणावे तर पाऊस पडलेला हवा. ‘देअर वॉज अर्थ ऑन हिज हँड्स’ एवढे म्हटले तर माती मातीच राहते, आणि हातही.