तू काय चोरलंस?

अगं, दिवस राहिले आणि गर्भ टिकला नाही, याचं दुःख होणारच. ते तुझं हक्काचं दुःख आहे, हवं तेवढं रड. पण परवा फोनवर म्हणालीस, "ताई, साडेसाती भोवली, माझंच काहीतरी चुकलं असणार," तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. शनिवारी कडक उपास म्हणून थायरॉइडची गोळी घेत नाहीस. स्तोत्राची मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून, मग रात्रीचा दीड वाजो. हे तू नाही सांगितलंस, जावईबापूंनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस, घाबरलेत ते.

"मग काय, देवधर्म सोडून देऊ?" असं तू फणकाऱ्यानं विचारलंस. मी कुठं म्हणतेय सोड? निवृत्तीनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा मीही चार पावलं चालतेच. पण धर्मानं माणसाचं मन आजारी पडू शकतं का, असं विचारशील तर हो, पडू शकतं. लांब कशाला जायचं, आपल्या नेवासे तालुक्यातच बघ.

आधी त्या साडेसातीचा हिशेब करू. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून एका राशीत तो अडीच वर्षं. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, अशी साडेसात वर्षं. म्हणजे कुठल्याही दिवशी बारातल्या तीन राशींना साडेसाती असतेच. देशात 140 कोटी माणसं धरली तर ढोबळमानानं 35 कोटी. त्यात अशुभ मानलेला चौथा आणि आठवा शनी मिळव, बारातल्या पाच राशी झाल्या. एवढ्या लोकांत कुणाची नोकरी जाणार, कुणाचं लग्न मोडणार, कुणाचा गर्भ पडणार, हे सांगायला पत्रिका कशाला हवी? गर्भ राहिल्याचं कळलेल्या शंभर बायकांपैकी दहा ते वीसजणींचा गर्भपात होतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. ते आईच्या हातात नसतं. तुझ्या हातात आहे ती गोळी, आणि तीच तू शनिवारी बाजूला ठेवतेस.

आपल्या तालुक्यातल्या शनि शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, हे आपण पाहुण्यांना किती कौतुकानं सांगतो. 2011मध्ये युको बँकेनं तिथं कुलपाशिवाय शाखा उघडली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. चोरी केली तर शनिदेव सोडत नाही, ही त्यामागची श्रद्धा. ठीक आहे, चोराला वाटावी भीती. पण तू काय चोरलंस? अंथरुणात पडल्यापडल्या आपल्या पापांची यादी करणाऱ्या बाईला त्या भीतीचा काय उपयोग? भीती अशी असते बघ, जी चोरासाठी बांधली ती आधी सज्जनाच्याच मानगुटीवर बसते. खऱ्या चोराला झोप छान लागते.

त्यात आपण बायका. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर आपल्याला जाऊच देत नव्हते. दाभोलकर आणि डॉ. लागूंनी 2000 साली त्याविरुद्ध आंदोलन केलं, पण रीत तशीच राहिली. 2015च्या नोव्हेंबरात एक मुलगी चौथऱ्यावर चढली, तर शनीच्या शिळेला अभिषेक घालून शुद्धी केली. तू तेव्हा शाळेत होतीस, आठवत असेल. अशा बातम्या ऐकत वाढलेल्या पोरीच्या मनात काय रुजतं? की माझ्या नुसत्या हात लावण्यानं देव बाटतो. मग अंगात काही बिघडलं की डॉक्टरच्या आधी तिला स्वतःचंच पाप आठवतं. तुझ्या रात्रीच्या मोजणीची मुळं मला तिथंही दिसतात. पुढं तृप्ती देसाईंचा मोर्चा सुप्याला अडवला, विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, आणि 2016च्या गुढीपाडव्याला चौथरा सगळ्यांना खुला झाला. बायका वर गेल्या, तेल वाहिलं, खाली आल्या. शिंगणापूर होतं तिथंच आहे.

आणि त्याच तालुक्यात नेवाशाला पैस खांब. 1290मध्ये तिथं ज्ञानेश्वरी सांगून झाली. ती सांगणाऱ्या पोराच्या आईबापांचं काय झालं, हे मात्र आपण पटकन उरकतो. संन्यास सोडून संसारात परतले म्हणून वाळीत टाकलं, आणि परंपरा सांगते की देहान्त प्रायश्चित्त म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी जीव दिला. मुलांना तरी पदरात घेतील, या आशेनं. आजच्या काळात असं घडलं असतं तर आपण सरळ म्हणालो असतो की त्यांना आत्महत्येला भाग पाडलं. धर्माच्या नावानं. आणि त्याच घरातल्या ज्ञानदेवानं शेवटी देवाकडं काय मागितलं? दुष्टांचा दुष्टपणा जाऊ दे म्हणाला. शिक्षा कुणालाच मागितली नाही. देव तोच, पोथ्याही त्याच असतील. आईबापांना देवाच्या नावानं मरण दिलं आणि मुलाला त्याच देवात मायेचा माणूस सापडला. यातला कुठला देव घरात ठेवायचा, हे ठरवायचा अधिकार तुला आहे, गुरुजींना नाही.

डॉक्टर लोकांनीही हे तपासलंय. अमेरिकेत केनेथ पार्गमेंट नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळातल्या 596 वयस्कर रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं, 2001मध्ये ते छापून आलं. देवानं मला टाकलं, त्याचं माझ्यावर प्रेम नाही, हे सैतानाचं काम आहे, असे विचार ज्यांच्या मनात घोळत होते त्यांचा मृत्यूचा धोका जास्त निघाला. उलट, नेमानं भजनाप्रार्थनेला जाणाऱ्यांत नैराश्य कमी असतं, असंही कितीतरी अभ्यासांत दिसलंय. म्हणून म्हणते, किती उपास करतेस ते मला सांगू नकोस. उपास सोडल्यावर कसं वाटतं ते सांग. हलकं वाटतं, की पुढच्या शनिवारची धास्ती सुरू होते?

मोजणी चुकली म्हणून पुन्हापुन्हा म्हणणं, मनात नको ते आलं म्हणून तासभर माफी मागणं, याला मंत्रचळ म्हणतात. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जितकं म्हणशील तितकं ते वाढतं, कमी होत नाही. तुझ्या सासूबाईंनी "कुणीतरी काहीतरी केलंय, बाहेरचं बघून घेऊ" असं म्हटल्याचंही कानावर आलंय. त्यांना गोड बोलून सांग की अंगातलं भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवून मारहाण करणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या ऐकतील, मनानं वाईट नाहीत.

रात्री फारच जड झालं तर 14416ला फोन लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. नाव सांगायची सक्ती नाही.

येत्या शनिवारी तेल वाहायला जायचंय ना, खुशाल जा. पण सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी पाण्यासोबत गोळी घे. एवढ्याशा गोळीनं उपास मोडत नाही, आणि मोडला तर पाप मला लागू दे. आणि सोमवारी डॉक्टरांकडं नंबर लावून ठेव, मी येतेय.