घाबरलेले मन आणि अडलेला पाढा



२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, मोठा पूर आला. वर नाशिककडे पाऊस कोसळत होता, नांदूर मधमेश्वरहून पाणी सुटत होते. कोपरगावात नदीकाठच्या सखल भागात पाणी शिरले. पूर ओसरल्यावर शाळा भरली, तेव्हा मी एका मुलाला सतराचा पाढा विचारला. एरवी तो घडाघडा म्हणायचा. त्या दिवशी ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’वर गाडी अडली. मी रागावलो, “पाठांतर नको करायला!” तो मान खाली घालून बसला. दुपारी कळले, त्याच्या घरात पाणी शिरले होते. आभाळ भरून आले की तो सारखा खिडकीकडे बघायचा. पाढा तो विसरला नव्हता, त्याचे मन घरी होते. मला फार वाईट वाटले.

असे का होते?

आपल्या मेंदूत जणू एक छोटी पाटी असते. हातचा धरणे, वाचलेले वाक्य ध्यानात ठेवणे, ही कामे तिच्यावर चालतात. तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. तिच्यावर एका वेळी चार-पाच गोष्टीच मावतात. काळजी येऊन बसली की अर्धी पाटी तीच अडवते. मग सोपे गणितही चुकते आणि एकच ओळ तीनदा वाचावी लागते.

शरीरही बदलते. उसात बिबट्या दिसला तर काय होईल? छाती धडधडेल, तोंडाला कोरड पडेल, तळहात घामेजतील. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात येतो आणि शरीर पळायला तयार होते. बिबट्यापुढे हे उपयोगी आहे. पण प्रश्नपत्रिकेपुढे पळून कसे चालेल?

थोडी काळजी मात्र हवी. तिच्यामुळेच आपण अभ्यासाला बसतो. ती फार वाढली म्हणजे घात होतो.

उपाय काय?

१) मनातली भीती कागदावर लिहा. २०११ साली अमेरिकेतील रामिरेझ व बायलॉक या संशोधकांनी परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मुलांना आपली काळजी लिहायला सांगितली. घाबरणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झाला.

२) श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. असे पाच-सहा वेळा करा. धडधड कमी होते.

३) पाढे रोज म्हणा. पक्के पाठ झालेले पाटीवर कमी जागा घेते.

४) परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका. पुरेशी झोप घ्या.

५) आईला, दादाला, बाईंना किंवा गुरुजींना सांगा. सांगितले की ओझे हलके होते.

पालकांना विनंती : मूल अडले तर आधी कारण विचारा. शेजारच्या मुलाचे गुण त्याला ऐकवू नका. कर्जाची, पाण्याची बोलणी घरात होणारच, पण ती ऐकून मूल धास्तावले असेल तर त्याला जवळ घ्या. काळजी आठवडेच्या आठवडे हटली नाही, झोप-जेवण बिघडले, तर दवाखान्यात दाखवा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६.

आता त्या मुलाचे सांगतो. दुसऱ्या दिवशी मी पाढा विचारला नाही. म्हटले, “घर वाळलं का रे?” तो बराच वेळ बोलत राहिला. पाणी कुठवर आले, आजीला कुणी उचलून नेले, वह्या कशा भिजल्या, सगळे सांगितले. मग आपणच म्हणाला, “गुरुजी, पाढा म्हणू?”

आणि एकशे सत्तरपर्यंत कुठेही न अडखळता म्हटला.