कारण एकच असेल का?

पालकसभेत बाई म्हणतात, “हल्ली त्याचं लक्ष नसतं हो.” वाक्य एवढंच असतं. पण रिक्षात बसेपर्यंत आपल्या डोक्यात चौकशी सुरू झालेली असते. मोबाईलमुळे असेल का? मी नोकरी करते म्हणून? की आजी-आजोबांनी फार लाडावलंय? घरी पोचेपर्यंत कुणीतरी दोषी ठरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते आपणच असतो.

आपण सगळेच हे करतो. दिवसभराची दगदग, उद्याचा डबा, ऑफिसचे फोन, आणि वर लेकराची काळजी. अशा वेळी एक कारण सापडलं की हायसं वाटतं. मोबाईल हेच कारण असेल, तर तो काढून घेता येतो. ‘बापावर गेलाय’ म्हटलं की विषयच मिटतो. आपला हेतू चांगलाच असतो. फक्त आपण थकलेले असतो, आणि थकलेल्या माणसाला एकच उत्तर हवं असतं.

पण या एका कारणाच्या ओढीनं किती माणसं दुखावली जाऊ शकतात, हे मानसशास्त्राच्या इतिहासात दिसून आलंय. ती हकिगत प्रत्येक आईबापाला माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

१९४३ मध्ये अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांबद्दल लिहिलं. ही मुलं आपल्याच जगात असायची, माणसांपेक्षा वस्तूंत रमायची, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की कासावीस व्हायची. आज आपण ज्याला ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो, त्याचंच हे वर्णन. हे वेगळेपण जन्मतःच असावं, असं कॅनर यांनी तेव्हा लिहिलं होतं. पण या मुलांचे आईवडील फारसे मायाळू वाटत नाहीत, अशीही नोंद त्यांनी केली होती. पुढे ती दुसरी नोंदच मोठी होत गेली. ‘फ्रिजसारखी थंड आई’ हे ऑटिझमचं कारण ठरलं. शिकागो विद्यापीठाच्या एका निवासी शाळेचे प्रमुख ब्रुनो बेटलहाइम यांच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या १९६७ मधल्या पुस्तकानं आयांना दोष देणारा हा विचार दूरवर पोचवला.

त्या आयांना काय वाटलं असेल? मूल हाकेला वळून बघत नाही, जवळ घेतलं तर अंग चोरतं, आणि मोठमोठे तज्ज्ञ सांगतात की कमी तुमच्याच मायेत आहे. मूल जवळ येत नाही म्हणून आई कोमेजली असेल, थकून गप्प झाली असेल, हा विचार फार थोड्यांना सुचला. जो परिणाम असू शकत होता, त्यालाच कारण ठरवलं गेलं.

आयांना दोष देणाऱ्या या विचाराला ठाम विरोध केला तो एका बापानं. बर्नार्ड रिमलंड स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या मुलाला ऑटिझम होता. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून मांडलं, की याचं मूळ आईच्या वागण्यात नाही, मुलाच्या शरीरात, मेंदूत आहे. त्या पुस्तकाला प्रस्तावना होती खुद्द कॅनर यांची. पुढे १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत कॅनर यांनी आईबापांना या दोषातून जाहीरपणे मुक्त केलं.

मग सगळं जनुकांवर टाकून मोकळं व्हायचं का? १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. अनुवंशाचा वाटा आहे, हे स्पष्ट झालं. पण उरलेल्या ७ जोड्यांकडेही बघा ना. जनुकं सारखी, आणि तरी दोघांपैकी एकाच मुलाला ऑटिझम. पुढच्या संशोधनात ऑटिझमशी नातं असलेली एक-दोन नव्हे, पुष्कळ जनुकं सापडली. आईचा दोष गेला, पण तिच्या जागी बसवायला एकच एक जनुक काही मिळालं नाही.

हे सगळं सांगते आहे, कारण आपल्या घरातही थोड्या फरकानं हेच चालतं. पालकांच्या ग्रुपवर हल्ली सगळ्याचं उत्तर ‘डोपामिन’ हे मेंदूतलं रसायन असतं. मूल फोन सोडत नाही, डोपामिन. अभ्यासाला बसत नाही, डोपामिन. हे खोटं आहे असं नाही. पण मेंदूतली रसायनं मुलाच्या प्रत्येक कृतीत असतात. क्रिकेट खेळताना असतात, गणित सुटल्यावर असतात, आजीच्या हातचा लाडू समोर आल्यावरही असतात. म्हणून नुसतं ‘डोपामिन’ म्हटल्यानं आपली लेक नेमकी रात्री नऊलाच फोनला का चिकटते, ते कळत नाही. त्या वेळी मैत्रिणी बोलत असतील. उद्याच्या चाचणीची धास्ती असेल. किंवा आपण दोघं आपापल्या स्क्रीनमध्ये असू आणि तिच्याशी बोलायला घरात कुणी मोकळं नसेल. मेंदूतलं कारण खरं आहे आणि घरातलंही खरं आहे. एकानं दुसरं खोडलं जात नाही.

‘स्वभावच तसा’ हेही आपलं असंच एक आवडतं उत्तर. मार्शमॅलोचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लहान मुलांसमोर मार्शमॅलोसारखा गोड खाऊ ठेवला. आत्ता खाल्लास तर एवढाच, थांबलास तर जास्त. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात बरी निघाली, असं नंतर दिसलं, आणि जगभरच्या पालकांनी आपली मुलं मनातल्या मनात ‘थांबणारी’ आणि ‘न थांबणारी’ अशी वाटून टाकली. २०१८ मध्ये पुष्कळ जास्त मुलांवर हे पुन्हा तपासलं गेलं. तेव्हा हा संबंध खूपच कमी निघाला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे लक्षात घेतल्यावर तर आणखी उतरला.

मला त्याहून जवळचा वाटतो तो २०१३ मधला, अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठातला छोटा प्रयोग. २८ मुलं होती. निम्म्यांना मोठ्या माणसानं सांगितलं, “थांब, छान रंग आणून देते,” आणि खरोखर आणून दिले. उरलेल्यांनाही तसंच सांगितलं, आणि परत येऊन म्हटलं, “नाहीयेत गं, चुकलं माझं.” मग त्या सगळ्यांसमोर खाऊ ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता, ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांचा मोडला होता, ती ३ मिनिटं. मुलं दोन्हीकडे सारखीच होती. फरक समोरच्या माणसाच्या शब्दात होता. ज्याला आपण ‘धीर नाही’ म्हणतो, तो कधीकधी मुलानं अनुभवावरून केलेला शहाणा हिशोब असतो.

मुलाच्या बाजूनं बघितलं की हे जास्त जाणवतं. ‘आळशीच आहे’, ‘मोबाईलनं वाया गेलाय’ हे तो रोज ऐकतो. हळूहळू त्याला वाटायला लागतं, की बिघाड माझ्यातच आहे. मग तो वर्गात काय झालं ते सांगत नाही, कारण घरात कारण आधीच ठरून गेलंय.

एक मात्र आवर्जून सांगते. कधीकधी कारण खरंच एक असतं, आणि ते शरीरात असतं. फळ्यावरचं दिसत नाही, कमी ऐकू येतं, रक्तात लोह कमी आहे. म्हणून वागण्यावर बोलण्याआधी डोळे, कान आणि रक्त एकदा तपासून घ्यावं.

शरीरातल्या अशा कारणाची एक हकिगत सांगते. १९३० च्या दशकात नॉर्वेत बोर्गनी एगेलँड नावाची एक आई होती. तिच्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ होत नव्हती आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास येत असे. ती विचारत राहिली. अखेर १९३४ मध्ये आसब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि एक नवा आजार सापडला. आज त्याला फिनाइलकीटोन्युरिया म्हणतात. आईवडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे प्रथिनांतला एक घटक पचत नाही, तो रक्तात साठतो आणि मेंदूला इजा करतो. तिच्या मुलांसाठी उशीर झाला होता. पण १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल यांनी खास आहाराचा उपचार करून दाखवला. तो आहार जन्मानंतर लगेच सुरू केला, तर बाळाची बुद्धी वाचते. कारण जनुकात होतं, उपाय ताटात निघाला. म्हणून ‘रक्तातच आहे’ असं कुणी म्हटलं, तरी आपण हात टेकायची गरज नसते.

मग आपण रोजच्या घाईत काय करावं? ‘का’ला थोडं बाजूला ठेवून ‘कधी’ विचारून बघा. कुठल्या वारी, कुठल्या तासाला, कुणाबरोबर असताना? त्याआधी काय झालं होतं, झोप किती झाली होती? आठवडाभर कॅलेंडरच्या चौकोनात दोन शब्द लिहून ठेवले तरी पुष्कळ दिसतं.

जेव्हा सगळं सुरळीत होतं, तो दिवसही तितकाच निरखून बघा. त्या दिवशी काय वेगळं होतं?

आणि मुलालाच विचारा, पण पोलिसासारखं नको. पोळ्या लाटताना किंवा त्याला स्कूटरवर मागे बसवून नेताना, नजरेला नजर न भिडवता विचारलं, की मुलं जास्त बोलतात. “तुला काय वाटतं, केव्हा जड जातं?” उत्तर लगेच येणार नाही. येऊ द्यावं.

त्रास बरेच आठवडे चालला, झोप-जेवण बिघडलं, शाळा नकोशी झाली, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. तिथेही पाच मिनिटांत एका शब्दाचं कारण मिळालं, तर शांतपणे पुढचे प्रश्न विचारा. तो आपला हक्क आहे.

कारणं पुष्कळ असतात, हे ऐकून सुरुवातीला धास्ती वाटते. मला तर त्यात दिलासाच दिसतो. पुष्कळ कारणं असतील, तर सगळा भार एकट्या आईवर, एकट्या बापावर किंवा त्या कोवळ्या जिवावर येत नाही. आणि मदतीला सुरुवात करायच्या जागाही पुष्कळ मिळतात. अर्धा तास लवकर झोप, वर्गात पुढचा बाक, किंवा रविवारी बागेत न्यायचं कबूल केलं असेल तर खरंच नेणं. यातलं जे आज जमेल ते आजच करावं. सगळी कारणं कळेपर्यंत थांबायची काहीच गरज नाही.